शहराची नोटीस दुसऱ्या बाजूला येते : 'मझवेल हिलबिलीज' (द किंक्स, १९७१)

भोंगेवाला

शहरावरच्या इंग्रजी रेकॉर्डी पुष्कळ निघाल्या. गावातून उठवलेल्या माणसाला आपली वाटावी अशी मला त्यात एकच सापडली. तिच्याबद्दल इथं कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा. धानाची रोवणी आटोपली आहे, पाऊस लागून आहे, बांधीत पाणी बक्कळ आहे, लिहायला सवड आहे.

द किंक्स ही लंडनची रॉक बँडवाली मंडळी. रेकॉर्ड नोव्हेंबर १९७१ ची, आरसीए कंपनीसाठी त्यांनी केलेली पहिलीच. एकच एलपी (लांब वाजणारी मोठी तबकडी), १२ गाणी, सहा इकडे सहा तिकडे, सगळी मिळून पाऊण तास. तेव्हा विकली गेली नाही. इंग्लंडच्या यादीत तर आलीच नाही. आता लोक तिला डोक्यावर घेतात ती गोष्ट वेगळी.

विषय असा की लंडनच्या आतल्या भागातल्या जुन्या कामगार वस्त्या पाडायच्या आणि माणसं उचलून लांबच्या नव्या वसाहतींत नेऊन बसवायची. गाणी लिहिणारा रे डेव्हिस आणि त्याचा धाकटा भाऊ डेव्ह, दोघेही सहा बहिणींच्या पाठचे. कुटुंब मूळ हॉलोवे भागाकडचं, मग उत्तरेला मझवेल हिलकडे सरकलेलं. म्हणजे हे सगळं त्यानं घरी जेवताना ऐकलेलं असणार.

आता ती रेकॉर्ड माझ्या मनाला कुठं लागली ते सांगतो. आमचं गाव धरणात गेलं. धरणाचं नाव लिहीत नाही, धागा भलतीकडं जाईल. आम्ही नवीन गावठाणात राहतो. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, प्लॉटला नंबर. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं आहे 'हिअर कम द पीपल इन ग्रे'. सकाळी घरी पत्र येतं की नगरपालिकेच्या सर्वेअरनं सक्तीची खरेदी लावली आहे, घर जाणार. मग करड्या कपड्यांतली माणसं येतात. गाणारा चिडतो आणि म्हणतो तंबू ठोकून राहू, भाडं देणार नाही, कर देणार नाही, एकट्यानं क्रांती करू. चाल मात्र नाचायची आहे, गिटार घसरत घसरत वाजते, ऐकणाऱ्याचा पाय हलतो.

आमच्याकडं करडे कपडे नव्हते. जीप होती, टेप होता, लाल टोकाच्या खुंट्या होत्या. आधी कलम ४ ची नोटीस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, पुढं कलम ९ ची घरोघरी आली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची ही कलमं आमच्या गावात पोट्ट्यांनाही पाठ होती, गोट्या खेळताना कोणी हरला की 'तुला कलम ९ लागलं' म्हणायचे. एकट्यानं क्रांती करणारे आमच्याकडंही दोघं-तिघं होते. एकानं खुंट्या उपटून चुलीत घातल्या. दुसऱ्या दिवशी नव्या खुंट्या आल्या.

रेकॉर्डच का, हे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. पहिल्या बाजूवर सगळी माणसं बिघडलेली भेटतात. एकाला हे शतकच नको आहे. दुसऱ्याला दूधवाला हेर वाटतो आणि किराणावाला पाठलाग करतो असं वाटतं. तिसरा हवापालटाला समुद्रावर गेलाय, तर पाण्यात गटार सोडलेलं. एक बाई उपाशी राहून हाडाची काडी झालीय. एक चांगला कमावता माणूस दारूत बुडालाय. सहाव्या गाण्यात डॉक्टर सांगतो, हे सोड, ते सोड, तर जगशील. पण बिघडले काहून, हे पूर्ण बाजूभर कोणी सांगत नाही. सुई मध्ये जाऊन घरघरते. तुम्ही उठता, रेकॉर्ड उलटता, सुई ठेवता. आणि पत्र येतं.

रोग इकडच्या बाजूला, कारण तिकडच्या बाजूला. फोनवर ऐकलं तर सातवं गाणं सहाव्याच्या मागून येऊन निघून जातं, काही कळत नाही.

पऱ्हाटी

भाऊ, लिवलं तं झकास. पण मले एक सांगा, यूट्यूबवर फुकटात हाय नं हे सारं? रेकॉर्ड कोठून आणली, कितीले पडली? आमच्याकडं सोयाबीनले भाव नाही अन् तुमी लंडनची रेकॉर्ड फिरवून राहिले 😀

भोंगेवाला

@पऱ्हाटी, भाव विचारू नका, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. पुण्यातला भाचा घेऊन आला, नंतर छापलेली प्रत आहे, १९७१ ची नव्हे.

प्लेअर घरचाच. वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, मंडई (म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा), नाटकाचा प्रचार. चार स्पीडचं प्लेअर, अहुजाचा अँप्लिफायर, दोन भोंगे आणि बारा व्होल्टची बॅटरी, सगळं बंडीवर टाकून न्यायचे. भोंगा आंब्यावर चढवायचं काम माझं. नवरदेव निघाला की कोणती रेकॉर्ड आणि नवरी निघाली की कोणती हे ठरलेलं असायचं, चुकलं तर मांडवातून म्हातारे ओरडायचे. तेव्हा बाजू संपायच्या आत पुढची रेकॉर्ड हातात पाहिजे ही सवय लागली ती गेली नाही.

मास्तर_निवृत्त

चांगला धागा. दोनतीन गोष्टी जोडतो.

शहराची गोष्ट रेकॉर्डवर सलग सांगायची कल्पना किंक्सच्या बरीच आधीची. अमेरिकन संगीतकार गॉर्डन जेंकिन्सची 'मॅनहॅटन टॉवर' १९४६ ची. निवेदन, संवाद, कोरस, गाणी असं सगळं. न्यूयॉर्कला आलेला माणूस, त्याची उंच इमारतीतली खोली, तिथली माणसं. तेव्हा एलपी नव्हती, ती कोलंबिया कंपनीनं जून १९४८ मध्ये आणली. त्याआधी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या. बारा इंची असली तरी एका बाजूला चार-पाच मिनिटं. म्हणजे ऐकणारा दर चार-पाच मिनिटांनी उठणार. भोंगेवाले म्हणतात तो बाजू उलटण्याचा खेळ तेव्हा नाइलाज होता. एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली, तेव्हा कुठं लिहिणाऱ्याला बाजू कुठं मोडायची हे स्वतः ठरवता आलं.

आणि आपल्याकडं हे नव्हतं असं कोणी समजू नये. पठ्ठे बापूरावांची 'मुंबईची लावणी' आहे, शहर पाहून हरखून गेलेल्या माणसाची. पुढं अण्णा भाऊ साठ्यांनी त्याच नावाची लावणी लिहिली आणि मलबार हिलची मुंबई नि परळची मुंबई समोरासमोर उभ्या केल्या. त्यांचीच 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घ्या. गडी मुंबईत, बायको गावात, आणि त्या विरहातून गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जाऊन पोचतं. एका गाण्यात एवढा पल्ला किंक्सना साधला नाही, हे माझं मत. सलग गोष्टच पाहिजे तर गीतरामायण आहे, ५६ गाणी, १९५५ पासून आकाशवाणी पुण्यावर आठवड्याला एक. तिथं तर बाजू उलटायला आठवडा लागायचा.

'मझवेल हिलबिलीज' मात्र काटेकोर अर्थानं कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेवर बांधलेली सलग रेकॉर्ड, नाही असं माझं म्हणणं. एक नायक नाही, कथानक नाही. 'हॉलोवे जेल' हे तुरुंगात गेलेल्या प्रेयसीचं गाणं, त्याचा वस्ती पाडण्याशी काय संबंध?

भोंगेवाला

मास्तर, नमस्कार. नायक नाही हे कबूल, पण ही वस्तीची गोष्ट आहे. वस्तीत जेलमध्ये गेलेलं एखादं माणूस असतंच की. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातही मुख्य गोष्टीशी संबंध नसलेला विनोदी गडी अर्धा तास रंगमंच खातो, तरी नाटक एकच राहतं.

आणि कव्हर पाहा. बाहेर आर्चवे टॅव्हर्न नावाच्या दारूगुत्त्यातला फोटो, मंडळी गिऱ्हाइकांत बसलेली, कोण गायक कोण गिऱ्हाईक पटकन कळत नाही. कव्हर उघडलं की आत पडक्या घरांसमोर ठोकलेले नालीचे पत्रे आणि तिथं हे पाच जण उभे. पत्र्यांकडं माझं लक्ष गेलं कारण नवीन गावठाणात घर होईपर्यंत आम्ही टिनाच्या शेडमध्ये होतो. उन्हाळ्यात दुपारी आत बसता येत नव्हतं, आई बाजेवर ओलं पोतं टाकायची.

सरकी_ढेप

🙏 वाचतोय. इंग्रजी गाणी कधी ऐकली नाही पण हे ऐकीन.

जास्वंदी

मी ही रेकॉर्ड ऐकली आहे, नागपुरात शिकत होते तेव्हा, मैत्रिणीच्या वडिलांकडं होती. चांगली आहे. पण भोंगेवाले दादा, तुमच्या लिहिण्यात आणि त्या रेकॉर्डमध्ये एक गोष्ट सारखीच खटकते. रडणारे सगळे पुरुष.

माझ्या आईचंही गाव उठलं. तिला विचारा. जुन्या गावात पाणी नदीवरून, उन्हाळ्यात झिरा खणून, डोक्यावर. सकाळी अंधारात बाहेर जायचं ते वेगळंच. नवीन गावात दारात नळ आला, संडास आला. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा येतं ही गोष्ट खरी, पण आला. बाबा अजून पारावरच्या पिंपळाची आठवण काढतात. पिंपळाखाली आई कधी बसली होती? तिथं बाया बसतच नव्हत्या.

लंडनच्या तसल्या पुष्कळ घरांतही न्हाणीघर नव्हतं, संडास मागच्या अंगणात. नवीन वसाहतीत गरम पाण्याचा नळ मिळाला तेव्हा बायांना काय वाटलं असेल? त्यावर गाणं नाही. 'हॅव अ कपा टी' मधली आजी सगळ्या दुखण्यांवर चहा पाजते, फार गोड गाणं आहे. पण चहा उकळतंय कोण दिवसभर?

एक गाणं मात्र सोडते. 'ओक्लाहोमा यू.एस.ए.' त्यातली मुलगी कामाला जाता जाता डोक्यात सिनेमा चालवते. पाय लंडनच्या फरशीवर, मन तिकडं नटांबरोबर. पियानो आणि अ‍ॅकॉर्डियन, बाकी जवळजवळ काही नाही. आमच्याकडं रोवणीला गेलेल्या बाया गुडघाभर चिखलात वाकून रात्रीच्या मालिकेतली सासू पुढं काय करणार यावर भांडत असतात, मुकरदमीणसुद्धा मध्ये पडते, आणि हात तेवढ्याच वेगानं चालत असतात. मला तेच दिसतं त्या गाण्यात. रे डेव्हिसनं बाईचं बरोबर ऐकलं ते या एकाच ठिकाणी.

पऱ्हाटी

ताईनं बॉल बाउंड्रीपार नेला राजेहो 👏

मास्तर_निवृत्त

जास्वंदी ताई, अगदी योग्य. त्याला जोडूनच. इंग्लंडमध्ये न्यू टाउन्स कायदा १९४६ चा, पहिलं नवं शहर स्टीव्हनेज. तिथल्या घरांना पुढं-मागं मोकळी जागा होती, बरेच लोक आनंदानं गेले. चिडले ते साठच्या दशकात, जेव्हा माणसं उंच इमारतींत कोंबायला लागले. १६ मे १९६८ ला पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत एका कोपऱ्यातून खाली आली. अठराव्या मजल्यावर एका बाईनं सकाळी चहासाठी गॅस पेटवला, स्फोट झाला, भिंतीचे तयार तुकडे एकमेकांवर कोसळत गेले. चौघं गेले. इमारतीत लोक राहायला येऊन दोनच महिने झाले होते. हे ताजं असताना ही रेकॉर्ड आली. तेव्हा करड्या कपड्यांवरचा राग केवळ जुन्याच्या मोहापायी होता असं म्हणता येत नाही.

अण्णा भाऊंच्या बाजूनं माझं मत कायम आहे.

भोंगेवाला

जास्वंदी ताई, पिंपळाचं बरोबर बोललात. माझ्या बायकोनं तुमची पोस्ट वाचली आणि मला परत वाचायला लावली.

पण एक सांगतो. नळ मिळाला याचा राग कोणालाच नव्हता. गाण्यातला राग पत्रावर आहे. आमच्याकडं पंचनाम्यात घर, गोठा, विहीर, आंबा, मोह सगळं लिहिलं गेलं, झाडाला वयाप्रमाणे भाव. शेवटचं गाणं, 'मझवेल हिलबिली' (हिलबिली म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराकडचा, शहरी लोक अडाणी समजतात असा गावकरी), त्यात जाणारा माणूस ओळखीच्या बाईचा निरोप घेतो, तिचं नाव घेऊन, रोझी रूक. मग म्हणतो की सगळ्यांना एकसारख्या डब्यांत घालणार, आणि माझे उच्चार बरोबर नाहीत म्हणून बोलायची शिकवणी लावणार. इथं मी थांबतो दर वेळी. नवीन गावातली पोरं तालुक्याच्या शाळेत जायला लागली तेव्हा त्यांच्या झाडीबोलीला वर्गात हसायचे. एक मुलगा तर महिनाभर तोंडच उघडत नव्हता. गुरुजींना वाटलं मुका आहे.

त्याच गाण्यात तो माणूस कधी न पाहिलेल्या अमेरिकेतल्या डोंगरांची स्वप्नं पाहतो. म्हणजे त्याची आठवणसुद्धा सिनेमातून आलेली. ताई म्हणतात ती ओक्लाहोमावाली मुलगी आणि हा गडी एकाच गल्लीतले आहेत. त्यामुळं मला ही रेकॉर्ड जुनं ते सोनं म्हणणारी वाटत नाही. जुन्याचा हट्ट धरणारा माणूस किती ठिकाणी हास्यास्पद दिसतो हेही त्यात आहे.

पऱ्हाटी

बरं मी आता कामाचं इचारतो. आमच्या आबाचं एक प्लेअर माळ्यावर हाय, सुटकेससारखं. तुमचं वाचून काढलं. चालते, पण गाणं रेंगाळून राहिलं, गाणारा झोपेत गाते असं वाटते. आन् आबाच्या दोन रेकॉर्डी पापडावाणी वाकल्या. काय करा लागते?

फेज_न्यूट्रल

आला माझा विषय.

पहिले वेग तपास. रेकॉर्डच्या लेबलवर खडूनं एक रेघ मार, मोबाइलवर तीन मिनिटं लाव आणि फेरे मोज. ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. ९६-९७ आले तर प्लेअर हळू आहे, तुझे कान बरोबर आहेत. नेटवर गोल पट्ट्यांची चकती मिळते, तीही चालते, आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेघा असतात, दिव्याखाली स्थिर दिसल्या पाहिजेत. पण एलईडी बल्बखाली बघशील तर बहुतेकदा काही कळणार नाही, तो तसा लुकलुकत नाही. जुना निऑनचा टेस्टर किंवा पिवळा बल्ब घे.

हळू का? सुटकेसवाल्या प्लेअरमध्ये बहुतेक रबराची चक्की मोटर आणि थाळीच्या मध्ये असते. वर्षानुवर्षं एका जागी दाबून राहिली की कडक होते, घसरते. चक्की काढ, कडेवरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरव, थाळीची आतली कड स्पिरिटनं पूस. मोटरच्या बुशिंगमधलं जुनं तेल चिकट झालं असेल, ते साफ करून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. जास्त नको, रबरावर गेलं की संपलं.

लाइन डिम असेल तर अशा साध्या मोटरचा वेग आणखी पडतो. संध्याकाळी सगळे पंप चालू झाले की तुझा गायक झोपणारच.

आणि महत्त्वाचं. त्या जुन्या पिकअपवर (सुई धरणारा भाग) भोंगेवाल्यांसारखी नवीन महाग रेकॉर्ड लावू नको. जुनी सिरॅमिक पिकअप पाच-सहा ग्रॅम वजनानं खोबणीत बसते, त्यातही सुई झिजलेली असली की ती नांगर चालवते. चुंबकी पिकअप दीड-दोन ग्रॅमवर चालते. आबाच्या रेकॉर्डीच लाव.

पऱ्हाटी

९४ फेरे 😭

फेज_न्यूट्रल

मग चक्कीच.

वाकलेल्या रेकॉर्डीचं: उन्हात ठेवून सरळ करतो म्हणशील तर वाटी होईल. खिडकीची जाड काच दोन तुकडे, मध्ये रेकॉर्ड स्वच्छ पुसून, वर सारखं वजन, सावलीतल्या खोलीत राहू दे. आपल्याकडं मे महिन्यात खोलीतच एवढी उष्णता असते की हळूहळू बसते. सगळ्या बसत नाहीत. पुढं आडव्या रचू नको, उभ्या ठेव, आणि पश्चिमेच्या भिंतीला किंवा टिनाखाली तर अजिबात नाही. अकोल्या-चंद्रपूरकडं ४६-४७ डिग्री बाहेर असते तेव्हा टिनाखाली किती होत असेल विचार कर.

धुवायला बॅटरीत टाकायचं डिस्टिल वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब. बोअरच्या पाण्यानं धुतली तर क्षार खोबणीत बसतात, मग कुरकुर जन्मभर. स्पिरिट ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डला लावू नको, लाख विरघळते.

जास्वंदी

कापूस वेचणीच्या दिवसांत घरात जी बारीक रोयी उडते, ती सुईवर गोळा होते. ती ब्रशनं मागून पुढं काढायची, आडवी नाही. हे मैत्रिणीचे वडील रागावून सांगायचे.

सरकी_ढेप

ऐकली. मोबाइलवरच. मधात जेवण केलं म्हणजे बाजू उलटवल्यासारखंच झालं 😄

मले 'अंकल सन' आवडलं. साधा कामकरी माणूस, अन् एक पक्ष हे सांगते, दुसरा ते सांगते, तिसरा स्वर्ग दाखवते. ते आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत लावा लागते.

मास्तर_निवृत्त

सरकीढेप, शाब्बास. त्या रेकॉर्डवरचं राजकारण एवढंच आहे आणि माझी तक्रारही तीच. सगळ्या पक्षांना एका मापानं मोजलं की मग वस्ती पाडायची फाइल कोणी हलवली हे विचारायची गरज उरत नाही. अण्णा भाऊंनी विचारलं असतं.

भोंगेवाला

मास्तर, अण्णा भाऊंना लाल बावट्याचं कलापथक होतं, शाहीर अमरशेख, गव्हाणकर सोबतीला होते. रे डेव्हिस एकटाच खिडकीत बसून पाहणारा माणूस. त्याला फाइल दिसत नाही, फाइल घेऊन येणारा दिसतो, त्याचा कोट दिसतो. आमच्या गावालाही तेवढंच दिसलं. कोणाच्या सहीनं गेलं हे अजून कोणाला नीट सांगता येत नाही, पण मोजणीला आलेल्या माणसानं आमच्याकडं ताक मागितलं होतं आणि आजीनं दिलं होतं, ते सगळ्यांना आठवतं. कलम १८ खाली वाढीव मोबदल्याच्या केसेस अजून चालू आहेत. २०१४ पासून नवा कायदा लागला, १८९४ चा गेला. जुन्या केसेस जुन्या कायद्यानंच.

बरं, एक विचार आहे. दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई असते. दुपारी दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य), रात्री नाटक. मधल्या वेळात मैदानावर नुसते पाळणेवाले आणि चिवड्याचे ठेले. त्या वेळी दुसरी बाजू लावावी म्हणतो, पूर्ण, वडिलांच्या भोंग्यावरून. आधी मराठीतून दोन वाक्यांत सांगायचं की हे काय आहे. उठलेल्या चार-पाच गावांतले लोक त्या मंडईला येतात.

पऱ्हाटी

लोक दगड मारतीन भाऊ.

जास्वंदी

मारणार नाहीत. चाल नाचायची आहे. पण सांगायला एखादी बाई उभी करा, आणि नळाचंही सांगा.

भोंगेवाला

ताई, तुम्हीच या. जाण्यायेण्याचं आमच्याकडं, जेवण आमच्या घरी.

जास्वंदी

तारीख कळवा. शाळेला सुटी असली तर येईन, आईलाही आणीन.

फेज_न्यूट्रल

भोंगेवाले, तुमचा बेत चांगला, सामान चुकीचं. त्या रेकॉर्डवर ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, टुबा असा बँड आहे ना? भोंगा साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं काही बाहेर काढत नाही. लग्नाची सनई छान वाजेल, पण टुबा तुमच्या मैदानावर पोचणारच नाही, अर्धी गंमत तिथंच जाईल. शिवाय जनरेटरवर चालवाल तर वेग बघा, ५० चे ४९ झाले की सिंक्रोनस मोटरचं, म्हणजे विजेच्या हर्ट्झप्रमाणे फिरणाऱ्या मोटरचं, गाणं तेवढंच उतरतं. प्लेअर बॅटरीवर ठेवा, अँप्लिफायर जनरेटरवर.

आणि प्लेअरखाली वाळूचं पोतं ठेवा, पोट्टे नाचायला लागले की सुई उडेल.

भोंगेवाला

मग काय वापरू? डीजेवाला तर आख्खी रात्र धरूनच पैसे मागतो.

फेज_न्यूट्रल

माझ्याकडं पंधरा इंची स्पीकरचे दोन डबे आहेत. पाऊण तासाचं भाडं घेणार नाही, पण टेम्पोचं डिझेल आणि दोन माणसांचं जेवण. जेवणात झुणका नको, मंडईला येतो म्हणजे मटण पाहिजे.